भर दुपारचा तवा : मुंबईच्या कचेऱ्यांबाहेरील जेवणाचा मागोवा

मुंबईत कचेऱ्यांच्या भागांत दुपारी एक ते तीनच्या दरम्यान पदपथांवर, गल्ल्यांच्या तोंडाशी आणि उंच इमारतींच्या पाठीमागे ज्या हातगाड्या उभ्या राहतात, त्यांनी गेल्या अर्धशतकात या शहराच्या नोकरवर्गाचा मोठा हिस्सा जेवू घातला आहे. परंतु नगरनियोजनाच्या दप्तरांत आणि न्यायालयांच्या निकालपत्रांत या गाड्यांची दखल घेतली गेली ती बहुतेक वेळा रहदारीतील अडथळा म्हणून, शहराची भोजनव्यवस्था म्हणून क्वचितच. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या बिघडलेल्या हवेची दखल घेऊन लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना व खाद्यगृहांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेसारख्या इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला, आणि पावापासून तंदुरीपर्यंत सगळ्यांच्या आचेचा प्रश्न एकदम चर्चेत आला. हवेविषयीची न्यायालयाची चिंता रास्त आहे आणि तिच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. मात्र या आदेशाच्या निमित्ताने झालेल्या चर्चेत एक जुनी गोष्ट विसरली गेली: रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्याला या शहरात वीस वर्षांहून अधिक काळ चूल पेटवण्याचीच परवानगी नाही, आणि ज्या गरम अन्नावर कारकून, शिपाई, पहारेकरी आणि कुरियर पोहोचवणारी मुले जगतात, ते अन्न रोज नियमभंग करूनच शिजते. २०२५ हेच एक रुपयात झुणका-भाकर देणाऱ्या सरकारी योजनेचे तिसावे वर्षही होते, आणि ते कोणाच्या विशेष लक्षात आले नाही. या दोन प्रसंगांच्या प्रकाशात कचेरीबाहेरच्या जेवणाचा मागोवा घेणे आवश्यक वाटते.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येते. कामाच्या ठिकाणी घरचे जेवण पोहोचवणारी डबेवाल्यांची व्यवस्था १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली, असे मानले जाते. त्यानंतर इराण्यांची उपाहारगृहे आली, उडुपी हॉटेले आली आणि त्यांच्याबरोबर 'राइस प्लेट', म्हणजे ठरावीक दरात भात, पोळी, भाजी व आमटी यांचे ताट, हा शब्द शहराच्या बोलीत रुळला. गिरणगावात खानावळ होती. घाटावरून आणि कोकणातून एकटे आलेले कामगार महिन्याच्या बोलीवर कोणा बाईच्या घरी जेवत, आणि या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. या साऱ्या व्यवस्थांत एक समान गोष्ट होती: जेवणारा आणि जेवू घालणारा एकमेकांना ओळखत, आणि पुष्कळदा ती ओळख गावाची, नात्याची किंवा जातीची असे. हातगाडीने ही अट काढून टाकली. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा आणि पाव एकत्र विकायला सुरुवात केली, ही कथा सर्वश्रुत आहे आणि तिच्यावर पुरेसे लिहून झाले आहे. येथे एवढेच नोंदवणे पुरे, की वडापाव हे प्रथमपासून जाता-येता खाण्याचे अन्न होते, दुपारचे जेवण ते नंतर झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, संप रीतसर मागे न घेताच विरून गेला, आणि ज्यांच्या हातचे काम गेले त्यांतील अनेकांनी वड्याची कढई किंवा भाजीची पाटी घेऊन पदपथ गाठला. त्या दशकाच्या मध्यावर न्यायालयांत बरेच घडले. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले, आणि त्याच महिन्यात फेरीवाल्यांच्या खटल्यात महापालिकेला फेरीवाला क्षेत्रे आखण्याची दिशा दाखवली. महापालिकेने १९७८ पासून फेरीवाल्यांना नवे परवाने देणे थांबवले होते, परवानाधारकांची संख्या पंधरा हजारांच्या आसपास गोठलेली होती, आणि शहर मात्र वाढत होते. ऐंशीच्या दशकाविषयी याहून अधिक सांगण्यासारखे फारसे नाही. ते दशक निकालांचे होते, जेवणाचे नव्हते.

खरे दशक त्यानंतरचे. १९९२ ते २००३ या काळात फोर्ट, चर्चगेट, नरिमन पॉइंट आणि बॅलार्ड इस्टेट या चौकोनात कचेरीबाहेरचे जेवण ज्या वैभवाला पोहोचले, ते त्याआधी नव्हते आणि त्यानंतर राहिले नाही, असे ठामपणे म्हणता येते. याची कारणे आर्थिक होती. १९९१ च्या उदारीकरणानंतर या भागात दलालांच्या पेढ्या, संगणकावर नोंदी भरणाऱ्या कंपन्या, कुरियर सेवा, सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्था आणि खासगी बँका यांची संख्या झपाट्याने वाढली, आणि या सर्वांनी माणसे घेतली ती प्रामुख्याने कंत्राटी पद्धतीने. जुन्या सरकारी कचेरीला, आयुर्विमा महामंडळाला किंवा राष्ट्रीयीकृत बँकेला स्वतःचे सवलतीच्या दराचे उपाहारगृह असे, तेथील कर्मचारी संघटना चहाच्या दरात चार आण्यांची वाढ झाली तरी निवेदन देई. नव्या कंत्राटी नोकराला मात्र पगाराची पावती मिळाली तरी पुष्कळ झाले. अनेकांचे घर वसई, बदलापूर किंवा पनवेलच्या पलीकडे असल्याने पहाटे पाचला डबा करणे घरातील बाईला शक्य नसे, शिवाय ती बाईही आता बहुधा नोकरीला जात असे. २०००-०१ मध्ये राष्ट्रीयीकृत बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि देशभरात एक लाखाच्या आसपास कर्मचारी बाहेर पडले, तेव्हा उपाहारगृहांचे उरलेसुरले ग्राहकही कमी झाले. थोडक्यात, मालकाने जेवू घालण्याची जबाबदारी टाकली आणि ती पदपथाने उचलली.

त्या पदपथाचा भूगोल आजही अनेकांना तोंडपाठ असेल. चर्चगेटजवळ महिला विद्यापीठाच्या शेजारची आणि क्रॉस मैदानालगतची खाऊगल्ली, बोरीबंदर स्थानकासमोरची पावभाजी आणि वडापावची ठिकाणे, दलाल स्ट्रीटच्या आसपासचे सँडविचवाले, मंत्रालयाच्या परिसरातील पोहे-उपम्याच्या गाड्या, आणि नरिमन पॉइंटला उंच इमारतींच्या मागच्या रस्त्यावर लागणारी पुलाव, डोसा व चायनीजची रांग. 'खाऊगल्ली' म्हणजे जेथे निरनिराळ्या पदार्थांच्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात अशी गल्ली. तिचे वैशिष्ट्य असे, की तिथे पाच जणांच्या गटाला पाच वेगवेगळ्या गाड्यांवरचे पदार्थ घेऊन एकाच ठिकाणी उभ्याने जेवता येई. पुढे ज्या व्यवस्थेला 'फूड कोर्ट' हे नाव देऊन मॉलमध्ये भाड्याने दिले गेले, ती या गल्ल्यांनी कोणत्याही वास्तुविशारदाच्या मदतीशिवाय आधीच सिद्ध केली होती.

या गाड्यांची कार्यपद्धती बारकाईने समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्याविषयीचे अज्ञान पुढच्या सर्व धोरणांत दिसते. गाडीवर दिसणारा माणूस हा एका लांब साखळीचा शेवटचा दुवा असतो. लादी पाव, म्हणजे एकमेकांना चिकटून भाजलेल्या पावांची अखंड पट्टी, पहाटे बेकरीतून निघे. बटाटे आदल्या रात्री उकडले जात. इडली धारावीतल्या घरांतून मोठ्या पातेल्यांत आणि सायकलींवरून शहरभर जाई. चटण्या वाटणे, कांदा चिरणे, पीठ आंबवणे ही कामे झोपडपट्टीतील किंवा चाळीतील घरांत प्रामुख्याने बायका करत. गाडीवर फक्त शेवटचा संस्कार होई, आणि तोच निर्णायक असे: वडा गिऱ्हाइकासमोर तळला जाई, भाजी तव्याच्या मध्यभागी उलथण्याने ठेचली जाऊन कडेला तिचा ढीग लागे, डोशाचे पीठ वाटीच्या बुडाने पसरले जाई, सँडविचवाला लोखंडी साच्यात ब्रेड दाबून तो शिगडीवर धरी. सँडविचच्या ब्रेडला लावलेली हिरवी चटणी, त्यावर काकडी, टोमॅटो, उकडलेला बटाटा आणि बिटाचे काप, वरून चाट मसाला, हा क्रम सबंध शहरात जवळजवळ सारखा होता आणि तो कोणी लिहून दिलेला नव्हता. चायनीजच्या लाल गाड्यांनी तर एका परक्या पाककृतीला कोबी, सोया सॉस आणि भडक लाल शेजवान चटणी यांच्या बळावर इतके आपलेसे केले, की 'चायनीज भेळ' हा पदार्थ जन्माला आला, आणि त्याचे चीनशी काही नाते आहे असा दावा ती विकणाऱ्यानेही केला नसता.

या साऱ्याच्या मुळाशी आच होती. पंप मारून पेटवायचा रॉकेलचा स्टोव्ह, कोळशाची शिगडी आणि नंतर गॅसचा सिलिंडर यांच्यावर पदार्थ डोळ्यांदेखत उकळत, तळत किंवा भाजला जात असल्यामुळे ग्राहकाला त्याच्या ताजेपणाची खात्री पटत असे, आणि उन्हाळ्याच्या मुंबईत हीच अन्नसुरक्षेची सर्वांत भरवशाची कसोटी होती. गाड्यांचे दोषही तितकेच खरे होते आणि ते झाकण्यात अर्थ नाही. ताटल्या एकाच बादलीतल्या पाण्यात पुन्हा पुन्हा विसळल्या जात, चटणीत आणि बर्फात कोणते पाणी आहे हे कळत नसे, वर्तमानपत्राची शाई वड्याच्या तेलात उतरे. मात्र या दोषांचे मूळ तपासले, तर ते बहुतेक वेळा पाण्याशी येऊन थांबते, आचेशी नाही; आणि पाण्याचा नळ देणे हे विक्रेत्याच्या हातात नव्हते, महापालिकेच्या हातात होते. काही वर्षे महापालिकेने विनापरवाना फेरीवाल्यांकडून रोजची पावती फाडून कचरा उचलण्याच्या नावाखाली शुल्कही घेतले. ज्या धंद्याला परवाना नाकारला त्याच धंद्याकडून पैसे घ्यायचे आणि बदल्यात नळ, गटार किंवा कचराकुंडी द्यायची नाही, हा व्यवहार कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नव्हता. पावतीखेरीज जे दिले जाई त्याला 'हप्ता' म्हणत, आणि त्याची पावती मिळत नसे.

या दशकाचे सामाजिक मोल मात्र स्वच्छतेच्या चर्चेत हरवून गेले आहे. गाडीभोवती उभे राहून जेवणाऱ्यांत विभागप्रमुख आणि शिपाई शेजारी शेजारी असत. दोघांना तीच पुलावाची ताटली त्याच दरात मिळे, आणि गर्दीत ज्याचा हात आधी पुढे होई त्याला आधी. शिजवणाऱ्याचे आडनाव कोणी विचारत नसे. ज्या समाजात कोणाच्या हातचे पाणी प्यावे यावर शतकानुशतके बंधने होती, त्या समाजातील लक्षावधी माणसांनी रोज दुपारी अनोळखी माणसाच्या हातचे शिजलेले अन्न खावे, ही घटना लहान नव्हती. तिच्यावर परिसंवाद झाले नाहीत एवढेच. या समतेला मर्यादा होत्या. रस्त्यात उभ्याने खाणे अनेक स्त्रियांना संकोचाचे वाटे, म्हणून त्या पार्सल घेऊन वर जात. महिला विद्यापीठाजवळची गल्ली मुलींच्या वर्दळीमुळे जी मोकळीक देई, ती सर्वत्र नव्हती. तरीही उपाहारगृहातील 'अधिकारी कक्ष' आणि 'कर्मचारी कक्ष' यांच्यातली भिंत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पदपथावर ती नव्हती याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

१२ मार्च १९९३ रोजी दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत स्फोट झाला आणि त्या दुपारी शहरभर झालेल्या स्फोटमालिकेत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. दीडची वेळ ही दलाल स्ट्रीटवर जेवणाच्या गर्दीची वेळ. त्या दिवसाच्या इतिहासात पदपथावरील माणसांचा उल्लेख आकड्यापुरताच येतो. मार्च १९९५ मध्ये शेअर बाजारात पडद्यावरचे व्यवहार सुरू झाले, हातवारे करून सौदे करणाऱ्यांची रिंगणातील गर्दी ओसरू लागली, आणि त्यांच्याबरोबर गल्लीतला एक खास ग्राहकवर्गही पातळ होत गेला.

त्याच १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना सुरू केली. स्थानकांजवळ, आगारांजवळ आणि चौकांत सरकारी जागा देऊन केंद्रे उभारण्यात आली आणि ती चालवण्याचे काम बेरोजगारांना देण्यात आले. या योजनेची टिंगल पुष्कळ झाली आणि तिच्यात गैरव्यवहारही शिरले, कारण भाकरीपेक्षा मोक्याच्या जागेवर डोळा ठेवणारे लाभार्थी तिला मिळाले. अनेक केंद्रांवर काही काळाने झुणका दिसेनासा झाला आणि वडे, डोसे व चायनीज दिसू लागले. एक रुपयात भाकरी परवडत नाही, हे कोणत्याही भाकरी थापणाऱ्या बाईने पहिल्याच दिवशी सांगितले असते, आणि सरकारी अनुदान वेळेवर न मिळाल्यास चालकाला दुसरा मार्ग नव्हता. पुढच्या सरकारने २००० च्या सुमारास योजना गुंडाळली आणि जागांचे वाद न्यायालयात गेले. असे असूनही या योजनेला एक श्रेय द्यावेच लागेल: कष्टकऱ्याच्या दुपारच्या जेवणासाठी सार्वजनिक जागा देणे हे शासनाचे काम आहे, असे महाराष्ट्रातील एका सरकारने उघडपणे मान्य केले. योजना फसली ती अंमलबजावणीत. दुर्दैवाने त्या अपयशातून धोरणकर्त्यांनी धडा घेतला तो उलटा, म्हणजे जागा देऊच नये असा.

युतीच्या राजकारणाने आणखी एक गोष्ट केली, आणि तिचा हिशेब मांडणे गरजेचे आहे. वडापावची गाडी ही मराठी तरुणाच्या स्वाभिमानाची खूण ठरवण्यात आली, तर डोसा, भेळ किंवा सँडविच विकणारा परप्रांतीय अतिक्रमण करणारा ठरवण्यात आला. गिरणी बंद पडल्यावर वडे तळणाऱ्या मराठी माणसाला धीर देणे योग्यच होते, परंतु त्यामुळे गाडीवाल्यांची एकजूट फुटली. उचल करणारी महापालिकेची गाडी आली की कोणाची हातगाडी जायची आणि कोणाची राहायची, हे नियमावरून ठरण्याऐवजी स्थानिक शाखेवरून ठरू लागले. शहराच्या भोजनव्यवस्थेचे याने जे नुकसान केले, ते कोणत्याही न्यायालयीन निकालाइतकेच मोठे आहे. मराठी माणसाचे हित साधले म्हणावे, तर वीस वर्षांनंतरही त्या मराठी वडेवाल्यांतील बहुतेकांच्या हाती परवाना आला नाही.

९ डिसेंबर २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या प्रकरणात जो निर्णय दिला, त्याने हे दशक कायद्याच्या दृष्टीने संपवले. या प्रकरणात काही नागरिक संघटनाही पक्षकार होत्या आणि पदपथ चालणाऱ्यासाठी मोकळा हवा, ही त्यांची मागणी गैर नव्हती. निर्णयाने फेरीवाल्याला एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद इतकी जागा मान्य केली, टेबल, स्टँड आणि हातगाडी वापरण्यास मनाई केली, रेल्वे स्थानक व मंडईपासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालय व प्रार्थनास्थळापासून १०० मीटर अंतर राखण्यास सांगितले, आणि विक्रीची वेळ सकाळी सात ते रात्री दहा अशी ठरवली. खाद्यपदार्थांविषयीचे कलम असे, की शिजवलेले अन्न विकता येईल, परंतु रस्त्यावर कोणत्याही प्रकारचा स्वयंपाक करता येणार नाही.

या एका कलमाचा परिणाम नीट तपासला पाहिजे. आगीचा धोका आणि गर्दीच्या रस्त्यावर उकळत्या तेलाचा धोका हे न्यायालयापुढचे प्रश्न खरे होते. पण ज्या वड्याची सुरक्षितता तो आत्ता कढईतून निघाला यात आहे, तो वडा चार तास आधी कुठेतरी तळून, टोपलीत भरून, उन्हातून आणून विकावा, असा या नियमाचा अर्थ होतो. म्हणजे आरोग्याच्या नावाने आरोग्याला सर्वांत घातक अशी पद्धत कायदेशीर ठरली आणि सर्वांत सुरक्षित पद्धत बेकायदा. हा नियम पाळणे अशक्य होते आणि तो पाळला गेला नाही. तवे तापतच राहिले, पण त्यानंतर प्रत्येक तापलेला तवा हा जप्तीला पात्र पुरावा झाला, सिलिंडर उचलून नेण्याचे अधिकृत कारण झाले, आणि हप्त्याचा दर वाढवण्याचे अनधिकृत कारणही. महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातील कलम ३१४ नुसार पदपथावरील वस्तू सूचना न देता हटवता येतात; या जुन्या अधिकाराला नव्या निर्णयाने धार आली. नळ, बंदिस्त बर्नर, व्यापारी सिलिंडरचा परवाना, अग्निरोधक वाळूची बादली आणि दर तिमाहीला तपासणी, एवढ्या साध्या अटी घालून स्वयंपाकाला परवानगी देता आली असती, असे आजही वाटते, आणि ही संधी गमावल्याचे दुःख वाटते.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे फारशी रेंगाळण्यासारखी नाहीत. वांद्रे-कुर्ला संकुलात बँका, रोखे बाजार आणि २०१० मध्ये हिरे बाजारही गेला. तिथे रस्ते रुंद, इमारती एकमेकींपासून लांब आणि खाऊगल्लीला लागणारी अरुंद गल्लीच नाही. गिरण्यांच्या जागी मॉल आणि कार्यालये उभी राहिली. २००१ मध्ये 'जंबो किंग' आणि २००४ मध्ये 'गोली' या साखळ्यांनी वडापाव काचेआड नेला. २००५ मध्ये बाजारात आलेला टाटांचा 'छोटा हत्ती' हा लहान टेम्पो आणि मारुतीची 'ओम्नी' यांनी मात्र एक उपयुक्त प्रकार जन्माला घातला: घरी शिजवलेले वरण, भात, पोळी-भाजी डब्यांत भरून कार्यालयांच्या बाहेर गाडी लावायची, मागचे दार उघडायचे आणि ताटे वाढायची. मुंबईच्या उपनगरांतील औद्योगिक वसाहतींबाहेर आणि पुण्याजवळ हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या रस्त्यांवर हे दृश्य रोजचे झाले, आणि या गाड्यांमागे बहुधा नवरा-बायकोची जोडी असे.

याच सुमारास 'फूड ट्रक' हा शब्द आला. रंगवलेला टेम्पो, इंग्रजी नाव, फळ्यावर खडूने लिहिलेले बर्गर-टाकोचे दरपत्रक, आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून उद्योजकतेचे कौतुक. तरुणांनी असे काही करावे यात आनंदच आहे. आक्षेप आहे तो दुजाभावाला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. कारण पुलाची अरुंदी, मुसळधार पाऊस आणि गर्दी हे होते, पण राग निघाला तो फेरीवाल्यांवर. मनसेने स्थानकांचा परिसर मोकळा करण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत दिली, मुदत संपल्यावर गाड्या उलथवण्यात आल्या, आणि १ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने २००३ ची अंतराची बंधने कायम असल्याचे सांगितले. दुर्घटनेनंतर आठवड्याभरात 'शेफ' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला होता, त्यात सैफ अली खानचा नायक बसमध्ये फिरते उपाहारगृह थाटतो आणि त्यातून आयुष्य सावरतो. त्या दिवसांत ज्यांच्या कढया रस्त्यावर ओतल्या गेल्या, त्यांचेही तेच चालले होते.

कायदा या काळात गाडीवाल्याच्या बाजूने नव्हता असे म्हणता येणार नाही. १ मे २०१४ पासून लागू झालेल्या पथविक्रेता अधिनियमाने सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवू नये असे म्हटले, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्यास सांगितले आणि नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना दिल्या. मुंबईत त्याच वर्षी सव्वा लाखाहून अधिक अर्ज वाटले गेले, त्यांतील सुमारे ९९ हजार भरून परत आले, आणि दहा वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, समितीची निवडणूक झाली तेव्हा मतदारयादीत उरले होते सुमारे ३२ हजार. यापलीकडे या कायद्याच्या अंमलबजावणीविषयी लिहावे असे काही नाही, आणि हीच तक्रार आहे.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने कचेऱ्या रिकाम्या केल्या, आणि त्या पुन्हा भरल्या तेव्हा जेवणाची पद्धत बदललेली होती. भ्रमणध्वनीवरून मागवलेले जेवण आता कुठल्या तरी बंद गाळ्यातील स्वयंपाकघरातून निघते, प्लास्टिकच्या डब्यात सीलबंद होते आणि दुचाकीवरून येते. ते आणणारा तरुण मात्र त्या दरात जेवू शकत नाही, तो इमारतीच्या कोपऱ्यावर जी एखादी गाडी उरली असेल तिच्यावर जेवतो. विभागप्रमुख वरच्या मजल्यावर आणि शिपाई खाली, अशी विभागणी झाली आहे, आणि नव्वदच्या दशकात तव्याभोवती जी जवळीक सहज घडत होती, ती आता कोणत्याही कंपनीच्या 'टीम लंच'ने घडत नाही. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीने गरजूंना आधार दिला आणि महामारीत तिचे मोल सिद्ध झाले, पण केंद्रांची आणि थाळ्यांची संख्या ठरवून दिलेली असल्यामुळे ती शहराच्या दुपारला पुरी पडणारी नाही, आणि ती पुरी पडावी अशी अपेक्षाही करू नये. हे काम ज्यांना येते ते रस्त्यावरच आहेत.

उच्च न्यायालयाच्या २०२५ च्या आदेशानुसार कोळशाची शिगडी जाणार असेल, तर तिच्या जागी काय येणार हे ठरवण्याची हीच वेळ आहे. स्वच्छ इंधनाचा आग्रह धरणाऱ्या शासनाला रस्त्यावरील स्वयंपाकाचे अस्तित्व आधी मान्य करावे लागेल, कारण जो तवा कायद्याच्या लेखी नाहीच, त्याला विजेची जोडणी किंवा व्यापारी सिलिंडर कोण देणार? २०१४ च्या अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत पथविक्रीच्या योजनेसाठी वेळेच्या वाटणीची तरतूद आहे, म्हणजे एकाच जागेचा वापर दिवसाच्या ठरावीक तासांपुरता विक्रेत्यांना देता येतो. फोर्ट, नरिमन पॉइंट आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील निवडक रस्त्यांवर दुपारी बारा ते तीन या वेळेत वाहनतळाची जागा गाड्यांसाठी राखून ठेवावी, तिथे नळ, वीजजोडणी आणि सांडपाण्याची जाळी द्यावी, तीन वाजता गाड्या हलाव्यात आणि मोटारी परत याव्यात, यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. महापालिकेचा ठराव आणि २००३ च्या स्वयंपाकबंदीत दुरुस्ती मागणारा एक अर्ज पुरेसा आहे.